वाचले किती?

सहकुटुंब सहल ठरली की सगळ्यात आधी एक वही आणा. डाव्या बाजूला ‘खर्च’, उजव्या बाजूला ‘वाचले’. उजवा रकाना ऐसपैस आखा, कारण खरी सहल तिथेच घडणार आहे. जे घ्यायचंच नव्हतं ते न घेतल्याचे पैसेसुद्धा त्यात जमा होतात, हे या शास्त्राचं मूळ सूत्र. बोटीच्या फेरीला नाही म्हणालात की चार माणसांची चार तिकिटं वाचली. हेलिकॉप्टरची चौकशी करून नको म्हणालात तर संध्याकाळपर्यंत श्रीमंतच व्हाल.

तिकिटांपासून सुरुवात करू. अमेरिकेने 1978 मध्ये विमानभाड्यांवरचं सरकारी नियंत्रण काढायचा कायदा केला, आणि पुढच्या काही वर्षांत कंपन्यांचे संगणक एकाच रांगेतल्या तीन खुर्च्या तीन वेगवेगळ्या दरांनी विकायला शिकले. तो संगणक झोपत नाही, तेव्हा तुम्हीही झोपू नका. रात्री दीड वाजता, आपण कोण ते संकेतस्थळाला कळू नये म्हणून गुप्त खिडकी उघडून भाव बघा. भाव ठरतो तो त्या दरातल्या किती जागा उरल्या यावर, तुमचा चेहरा बघून नाही, असं मुलगी सांगेल. तिला झोपायला पाठवा. तीन आठवडे असं जागल्यावर पहिल्या दिवशीपेक्षा महाग तिकीट काढा, आणि कालच्यापेक्षा जेवढं स्वस्त पडलं तेवढं ‘वाचले’मध्ये लिहा.

पहाटे पावणेचारचं विमान सगळ्यात स्वस्त असतं. मध्यरात्रीची टॅक्सी मात्र महाग पडते, पण वहीत टॅक्सीचा रकाना नाही. उतरायचा विमानतळ शहराच्या नावाचा असला म्हणजे झालं, शहरात असायलाच हवा असं नाही. फ्रँकफुर्टचं नाव लावणारा हान विमानतळ त्या शहरापासून सुमारे 120 किलोमीटर दूर आहे. तेवढंच मुलांना ग्रामीण भागाचं दर्शन, फुकटात.

सामानाचं प्रकरण नीट समजून घ्या. स्वस्त तिकीट म्हणजे ज्यातून तुमच्याखेरीज सगळं काढून घेतलंय असं तिकीट. हातातल्या बॅगेला बऱ्याच ठिकाणी सात किलोची मर्यादा असते. पण काट्यावर बॅग चढते, माणूस नाही. म्हणून तीन शर्ट एकावर एक घाला, चार्जर खिशात, पुस्तकं जॅकेटच्या अस्तरात. मुलं चालताना वाकली नाहीत तर अजून जागा आहे. द्रवपदार्थ बऱ्याच ठिकाणी अजूनही शंभर मिलीच्या बाटल्यांत. ऑगस्ट 2006 मध्ये लंडनहून सुटणारी विमानं द्रव स्फोटकांनी उडवायचा कट उघडकीला आला, तेव्हापासूनचा हा नियम. तपासणीपलीकडे रिकामी बाटली नेऊन तिथल्या नळावर भरा. (ही सूचना चुकून खरोखरच उपयोगी निघाली, क्षमस्व.) जागा निवडायचे पैसे अर्थातच भरू नका. मग बायको चौथ्या रांगेत, तुम्ही सत्ताविसाव्या. प्रवासभर ती इतकी प्रसन्न का होती, याचा विचार करू नका.

दोन वर्षांखालच्या मुलाला मांडीवर घेता येतं. सहलीच्या मध्येच त्याचा दुसरा वाढदिवस आला तर मात्र परतीला त्याला खुर्ची घ्यावी लागते, तेव्हा पुढच्या वेळी मूल होण्याची तारीख वेळापत्रक बघून ठरवा. मोठ्या मुलांना प्रेक्षणीय स्थळाच्या खिडकीपाशी वय कमी सांगायचा सराव घरूनच द्या. आमच्याकडे सराव झाला होता. खिडकीतल्या बाईंनी विचारलं, चिरंजीव मोठ्याने ‘चार’ म्हणाले आणि पाच बोटं दाखवली.

राहायला हॉटेलऐवजी स्वयंपाकघर असलेली जागा घ्या. ही सगळ्यात मोठी बचत. जी व्यक्ती वर्षभर घरी ओट्याशी उभी असते, तिला आता समुद्राकडे तोंड करून उभं राहता येतं. तिथली सुरी लोण्यालाही कापत नाही, पातेल्यांना झाकणं नसतात, आणि गॅस पेटवायची युक्ती फक्त मालकाला ठाऊक असते; पण मीठ, तेल, साखर एकदा विकत घेतलं की बाहेर जेवायचं कारणच उरत नाही. सहा दिवसांत अख्खं मीठ संपत नाही. ते टाकणं म्हणजे पाप, म्हणून परत न्यायचं, म्हणजे पुन्हा सात किलो. तेलाची बाटली शंभर मिलीहून मोठी, म्हणजे शेवटच्या रात्री सगळ्यांना तळलेलंच खावं लागतं. हॉटेलातच उतरलात तर फुकट न्याहारी दुपारी चारपर्यंत पुरेल अशी खा, आणि उकडलेली अंडी रुमालात बांधून न्या. दुसऱ्या दिवशी त्या रुमालाने तोंड पुसू नका.

परदेशात कार्डाचं यंत्र विचारतं, पैसे इथल्या चलनात देणार की तुमच्या? आपलं चलन दिसताच ऊर भरून येतो आणि बोट आपोआप तिकडे जातं. मग विनिमयाचा दर यंत्रवाले लावतात, आणि तो बहुधा महाग असतो. दिवसभर तहानलेलं राहून जे वाचवलं ते त्या एका बोटात गेलं. त्यालाही रकाना नाही.

घरी परतलात की वही बेरजेला घ्या. याच सुमाराला बायको आणि मुलं एक कागद पुढे सरकवतील. पुढच्या वर्षीचा हिशेब: तीन तिकिटं, एकच खोली, जादा पलंग नको, तीन जेवणं, आणि तुम्ही घरी. रागावू नका, कागद तपासा. आम्ही तपासला. विमानतळावर गाडी ठेवायचं भाडं त्यांनी धरलं होतं. ते लागणारच नाही, सोडायला मी जाईन. दुरुस्ती करून आकडा उजव्या रकान्यात लिहिला. आजवरचा सगळ्यात मोठा निघाला.