‘हॅसवेल तापतो’ या प्रतिक्रियेला उत्तर

हॅसवेल, म्हणजे इंटेलच्या चौथ्या पिढीचा प्रोसेसर, असलेल्या जुन्या संगणकांबद्दल मी लिहिलं होतं. त्यावर तुमची प्रतिक्रिया तीन वाक्यांची: “हॅसवेल तापतो. विंडोज ११ त्यावर चालत नाही. जुना माल खेड्यातल्या पोरांच्या गळ्यात मारू नका.”

भाऊ, मत वेगळं असू द्या, पण ‘गळ्यात मारू नका’ ही कोणती भाषा? मी माल विकत नाही. पंधरा वर्षं सेवा केंद्रांतली आणि शाळांतली कॅबिनेटं उघडतो आहे, त्यावरून लिहितो.

एक चूक मान्य. हॅसवेलच्या एच८१ मदरबोर्डावर ३२ जीबी रॅम चालते असं मी लिहिलं होतं. त्यावर दोनच स्लॉट असतात, मर्यादा १६ जीबी. दुरुस्त केलं.

आता ‘तापतो’. कशानं तापतो, हे सांगायची तसदी तुम्ही घेतली नाही. २०१३ च्या या पिढीत इंटेलनं व्होल्टेज रेग्युलेटरचा (विजेचा दाब जुळवणाऱ्या सर्किटचा) मोठा भाग बोर्डावरून प्रोसेसरमध्ये नेला, त्याची उष्णताही सोबत गेली. आधीच्या आयव्ही ब्रिज पिढीतला आय५-३५७० प्रोसेसर ७७ वॉटचा, हा हॅसवेलचा आय५-४५७० ८४ वॉटचा. डाय (आतली मूळ चिप) आणि वरच्या झाकणामध्ये सोल्डरऐवजी उष्णता वाहून नेणारी पेस्ट आहे, पण ती आयव्ही ब्रिजपासूनच आहे. या सात वॉटनं मशीन बंद पडत नाही. बंद पडतं ते कापसानं. आपल्याकडे कापूस भावाची वाट पाहत घरातच भरून ठेवतात. त्याचे तंतू पंख्याखाली, हीटसिंकच्या (प्रोसेसर थंड ठेवणाऱ्या धातूच्या ठोकळ्याच्या) पात्यांवर नमद्यासारखे बसतात. वरून फक्त फिरणारा पंखा दिसतो. त्यात मे महिना. २५ अंशांच्या खोलीत ६५ वर चालणारा प्रोसेसर ४५ अंशांत त्याच कामाला ८५ च्या आसपास जातो. १०० ला तो स्वतःच आपला वेग कमी करतो. तंतूंनी हवा अडली की उरलेले पंधरा अंश तिथंच संपतात.

म्हणून एप्रिलच्या आधी हीटसिंक उतरवा. चारही पिना बाणाच्या दिशेनं फिरवून वर ओढा. ब्लोअर मारताना पंखा बोटानं धरा, नाहीतर बेअरिंग जातं. जुनी पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसा, नवी तुरीच्या दाण्याएवढी, मधोमध. पिना आधी उलट्या फिरवून जागेवर आणा, मग समोरासमोरच्या जोडीनं दाबा. चार वेळा ‘टक्’ ऐकू आलं पाहिजे. एक पिन अर्धवट बसली की हीटसिंक तिरका राहतो, आणि दोष प्रोसेसरला लागतो.

विंडोज ११ ला चालणाऱ्या इंटेल प्रोसेसरांची अधिकृत यादी आठव्या पिढीपासून सुरू होते, ठाऊक आहे. विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही मोफत ऑपरेटिंग सिस्टिम घाला. त्यावर वाद नको.

तुमचं मशीन खरंच तापत असेल, तर हीटसिंक काढून पेस्टच्या ठशाचा फोटो टाका. एका कोपऱ्यात जाड थर दिसला, तर ती पिन बसलेली नाही.