हाकललं म्हणजे हिशोब मिटला असं नाही

आज नागपूरच्या मनीषनगरात एका वास्तुपूजनाला गेले होते. पंगतीत घरमालक मोठ्या कौतुकाने सांगत होते, "पहिल्या ठेकेदाराला अर्ध्यातच हाकललं. शेवटचं बिल दिलंच नाही, त्यात आमचं फर्निचर निघालं." आणि लोक हसले! मी तशीच उठले. घरी आल्यापासून डोकं फिरलंय, म्हणून लिहितेय.

माझा दादा छोटा ठेकेदार आहे. बेसा भागात एका घराचं काम त्याने लेबर रेटवर (माल मालकाचा, मजुरी आपली) घेतलं होतं. पाया, कॉलम, दोन स्लॅब, विटकाम सगळं झालं, प्लास्टर सुरू होतं. एका सकाळी गेटला नवं कुलूप. आत त्याच्या सेंटरिंगच्या प्लेटा, मिक्सर, घमेली. मालकाला फोन केला तर उत्तर काय? "काम पूर्ण कुठे केलं तुम्ही? पूर्ण नाही तर पैसे नाही."

अहो, पूर्ण करू कोणी दिलं नाही? कुलूप कोणाचं?

आपल्याकडचा करार कायदा 1872 चा आहे. त्याच्या कलम 53 मध्ये चक्क हेच उदाहरण दिलंय: हजार रुपयांत काम ठरलं, करणारा तयार आहे, पण दुसरा त्याला करूच देत नाही. अशा वेळी करणारा करार रद्द करून झालेल्या नुकसानीची भरपाई मागू शकतो. कलम 70 सांगतं, फुकट करायचं म्हणून न केलेल्या कामाचा फायदा तुम्ही घेतला, तर मोबदला द्यावा लागतो. दादाने टाकलेल्या स्लॅबखाली लोक आज झोपतात. याहून मोठा फायदा कोणता?

हो, ॲडव्हान्स घेऊन गायब होणारे ठेकेदारही आहेत, माहीत आहे मला. काम खराब असेल तर दुरुस्तीचा खर्च कापा, पण मोजमाप करून, कागदावर. कुलूप लावून नाही.

मला खरा त्रास झाला तो त्या शनिवारी. मजूर आठवड्याच्या मजुरीसाठी दादाच्या अंगणात येऊन बसले. मालकाने दिले नाहीत हे त्यांना कसं सांगणार? दादाने भिशी उचलली आणि सगळ्यांचे पैसे चुकते केले. एका रेजाने (मजूर बाईने) नोटा दोनदा मोजल्या, पदराच्या गाठीत बांधल्या आणि विचारलं, "भाऊ, सोमवारी कुठं यायचं?" दादा काहीच बोलला नाही. एवढा धिप्पाड माणूस माझा, खाली बघत उभा होता.

दादा म्हणतो, "जाऊ दे नं बाई, त्याच्या तोंडी कोण लागन." का जाऊ द्यायचं? पोलीस "हे दिवाणी प्रकरण आहे" म्हणून परत पाठवतात, आणि नुसत्या थकबाकीबद्दल ते बरोबरही असतं. पण दिवाणी म्हणजे सोडून द्यायचं असं कोणी सांगितलं? लेखी करार नसला तरी तोंडी करार चालतो, फक्त पुरावा लागतो. मोजवही, व्हॉट्सॲपवरची बोलणी, बँकेत आलेले आधीचे हप्ते, कामाचे तारखेसकट फोटो, काहीही फेकू नका. काढून टाकलं त्याच दिवशी झालेल्या कामाचे फोटो घ्या, कारण दुसरा ठेकेदार आला की तुमच्या भिंतीवर त्याचं प्लास्टर चढतं. मग वकिलाची नोटीस पाठवा, तिच्यात अडकलेलं सामानही मागा. दावा टाकल्यावर मोजमापासाठी कोर्ट कमिशनर नेमायचा अर्ज करता येतो. मुदत साधारण 3 वर्षांची असते, आणि मालकाच्या "बघू, दिवाळीनंतर" मध्ये ती कधी निघून जाते कळत नाही. चेक दिला आणि तो वटला नाही, तर चेकच्या कायद्याचं (निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स ॲक्ट) कलम 138 आहे, पण बँकेचा मेमो आल्यापासून 30 दिवसांत नोटीस गेलीच पाहिजे.

कोर्टात वर्षं जातात हे खरं. म्हणूनच आधी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा. दावा टाकायच्या आधीच प्रकरण लोकअदालतीत ठेवता येतं. समोरचा तयार झाला आणि तडजोड झाली, तर त्या निवाड्याला कोर्टाच्या हुकूमनाम्याचीच ताकद असते, वर अपीलही नाही.

दादाची मोजवही मी आज त्याच्याकडून मागून आणलीये. सोमवारी त्याला घेऊन सिव्हिल लाईन्सला वकिलाकडे जातेय. तुमच्यापैकी कोणाच्या भावाचं, बापाचं, नवऱ्याचं बिल असं अडकलं असेल तर इनबॉक्समध्ये लिहा, सोबत जाऊ.