परदेशातून : ‘आपल्यात’ म्हणजे नक्की कोणात?

लंडनहून दादरला फोन लावला की दादा, म्हणजे माझा थोरला चुलतभाऊ, हमखास वादाला बसतो. सध्याचा विषय हिंदू विवाह कायद्याचं कलम ९. विनाकारण वेगळं राहणाऱ्या जोडीदारानं परत नांदायला यावं, असा हुकूम कोर्टाकडून मागण्याचा हक्क. दादाचं म्हणणं, ‘तुमची नीती तुमच्याकडे. आपल्यात बायकोनं नांदायचं असतं.’

प्रत्येक समाजाची नीती वेगळी, बाहेरच्यानं तोंड घालू नये, या सापेक्षतावादाची परदेशात मलाही सोय वाटते. इथं कुणी आपल्या ठरवून केलेल्या लग्नांवर नाक मुरडलं की मीही तेच ऐकवते. पण दादाचा हा हक्क ‘आपला’ नाहीच. तो इंग्लंडच्या चर्चच्या न्यायालयांतला. मुंबई हायकोर्टात न्यायमूर्ती पिन्ही यांनी १८८५ मध्येच तसं सांगून, नांदायला नकार देणाऱ्या रखमाबाईंविरुद्धचा त्यांचे पती दादाजी भिकाजी यांचा दावा फेटाळला होता. अपिलानंतर चक्र फिरलं आणि १८८७ मध्ये हुकूम झाला : नांदायला जा, नाहीतर सहा महिने कैद. रखमाबाई कैदेला तयार झाल्या. टिळकांच्या ‘केसरी’नं त्यांच्यावर टीकेची झोड उठवली. मूळचा विलायती कायदा एव्हाना धर्मरक्षणाचा झाला होता!

इथल्या मंडळींनी मात्र वैश्विक नीतीचे धडे जरा बेतानं द्यावेत. असा हुकूम मोडल्याबद्दलची कैद इंग्लंडनं स्वतःपुरती १८८४ मध्येच काढली होती, मुंबईत तिची धमकी त्यानंतरची. हा दावाच इथं रद्द झाला १९७० मध्ये. नवऱ्यानं केलेला बलात्कार हा गुन्हाच, असं इथल्या तेव्हाच्या सर्वोच्च न्यायालयानं, म्हणजे हाउस ऑफ लॉर्ड्सनं, १९९१ मध्ये ठरवलं. तरीही, कुणालाही जबरदस्तीनं नांदायला धाडू नये, हे मी दादरला आणि लंडनला सारखंच म्हणेन. माझा निरपेक्षतावाद एवढाच, पण तेवढा आहे.

यावर दादाचा हुकमी एक्का : ‘रखमाबाईंचे कान सुधारकांनी भरले होते. ती कसली तिची इच्छा?’ इथं मला खरी गंमत वाटते. अकराव्या वर्षी लग्नाला उभी केलेली मुलगी ‘हो’ म्हणाली की नाही, हे कुणी विचारलं नव्हतं. ती मोठेपणी ‘नाही’ म्हणाली, तेव्हा मात्र तिच्या मनावर कुणाकुणाचा पगडा आहे याची चौकशी सुरू झाली. नियतिवादी म्हणतील, मोकळं मन कुणाचंच नसतं. घर, जात, शाळा ते घडवतात. कबूल. मग तोच हिशेब निमूट नांदणाऱ्या बायकांनाही लावा, आणि दावा ठोकणाऱ्या नवऱ्यांनाही. तो कुणी लावत नाही. आजही मुलीनं स्थळ नाकारलं की ‘बाहेरची हवा लागली’, आणि होकार दिला की ‘तिची पसंती’.

कलम ९ सुप्रीम कोर्टानं १९८४ मध्ये वैध ठरवलं. आता हुकूम मोडला तर कैद नाही, मालमत्तेवर जप्ती येते. दादाला हा मधला मार्ग वाटतो. मला विचाराल तर नांदायचं की नाही, याचं उत्तर जप्तीच्या धाकानं मिळालं तर ते संमतीत मोजू नये.