डबेवाले शॉकअप आणि दोन हजारांचा स्वर्ग

गेल्या पंधरा दिवसांत तोच मजकूर मला चार जणांनी पाठवला. शेवटचा कराडहून, भाच्याकडून. खाली त्याची एकच ओळ : "मामा, मागवू का?"

मजकूर थोडक्यात असा. बाइकला शोरूममधून आलेले मागचे शॉकअप काढून टाका, कंपनी पैसे वाचवायला पातळ स्प्रिंग घालते. त्याऐवजी गॅसचे डबेवाले, म्हणजे बाजूला छोटा डबा जोडलेले शॉकअप दोन हजारांत लावा, खड्डा कळणारही नाही. बसवले की शेवटच्या खाचेवर कडक करा. जमलं तर मोठ्या गाडीचे, इंचभर लांब घ्या. लूकही येतो आणि गाडी स्थिरही होते. तेवढे पैसे नसतील तर जुन्यातच पाचशे रुपयांत ऑइल भरून घ्या, नव्यासारखे होतात. आणि तरीही दणके बसले, तर मागच्या टायरची हवा २० वर आणा.

भाच्याची गाडी ११० सीसीची, मागे दोन शॉकअप, सहा वर्षं वापरलेली. त्याचं वजन ५८ किलो. रोज एकटाच चाळीसेक किलोमीटर जातो-येतो. उत्तर त्याच्यासाठी लिहायला घेतलं आणि लांबलं.

पातळ स्प्रिंगचं आधी बघू, कारण तिथे गणितच उलटं आहे. आपल्याकडे १००-१२५ सीसीची गाडी बनवणाऱ्याला पक्कं ठाऊक असतं की तिच्यावर नवरा-बायको, मध्ये पोरगं आणि टाकीवर पिशवी असा अख्खा संसार बसणार आहे. मागची स्प्रिंग त्या वजनाला पुरेल अशीच ठेवावी लागते. ५८ किलोचा एकटा माणूस तिच्यावर बसला की ती बेताचीच दबते. म्हणजे भाच्याला दणके बसतात ते स्प्रिंग पातळ आहे म्हणून नाही. उलट त्याच्या वजनाला ती जाडच पडते.

जाड स्प्रिंग हवीच असेल त्याने एक आकडा लक्षात ठेवावा. स्प्रिंगचा कडकपणा तारेच्या जाडीच्या चौथ्या घाताने वाढतो. वेटोळी तीच, व्यास तोच, फक्त तार ७ मिलिमीटरची ८ झाली तर कडकपणा १.७ पट होतो. डोळ्याला फरक दिसतही नाही, कंबरेला मात्र कळतो. गाडी खाली आणायला लेथवाल्याकडून वेटोळं कापून घेणारेही असतात. त्यांना वाटतं स्प्रिंग नरम झाली. खरोखर दबणाऱ्या दहा वेटोळ्यांतलं एक गेलं की उरलेली स्प्रिंग साधारण ११ टक्क्यांनी कडक झालेली असते.

कंपनी पैसे वाचवते, हे खोटं नाही. पण ते वाचतात आत, जिथे दिसत नाही तिथे. शॉकअप म्हणजे दोन वस्तू एकत्र बांधलेल्या. बाहेर दिसते ती स्प्रिंग वजन पेलते. आतल्या नळीत ऑइल असतं आणि बारीक छिद्रांचा पिस्टन. दबलेली स्प्रिंग उसळून वर येऊ पाहते, तेव्हा छिद्रांतून जाणारं ऑइल तिला आवरतं आणि त्या उसळीची उष्णता करून टाकतं. हा डॅम्पर. 'गाडी उडते' ही तक्रार बहुतेक वेळा डॅम्परची असते. 'डबलसीट घेतलं की गाडी बसते' ही स्प्रिंगची. फिरणाऱ्या मजकुरात डॅम्परचा उल्लेखही नाही, आणि पैसे मोजायचे ते खरं तर त्याच्यासाठी.

आता 'शेवटच्या खाचेवर कडक करा'. हा सल्ला मेकॅनिकपासून पेट्रोलपंपावरच्या काकांपर्यंत सगळे देतात, म्हणून याच्यावर थोडा वेळ घालवतो.

शॉकअपच्या खालच्या टोकाला सहसा पाच खाचांची गोल पायरी असते. हुक पाना लावून ती फिरवली की स्प्रिंग थोडी आधीच दाबून ठेवली जाते. तेवढंच. स्प्रिंगचा स्वभाव बदलत नाही. समजा एक मिलिमीटर दाबायला २ किलो लागतात, तर पहिल्या खाचेवरही २ आणि पाचव्या खाचेवरही २. फरक पडतो तो गाडी किती उंचीवर उभी राहते यात. (एका टोकाला वेटोळी जवळजवळ असलेली स्प्रिंग असेल तर पाना आवळल्यावर ती नरम वेटोळी आधीच मिटतात आणि मग खरोखरच कडक भाग उरतो. म्हणजे एकट्याचं नुकसान दुप्पट.)

उंचीवर उभी राहिली तर बिघडलं काय? चाकाला जसं वर जायला जागा लागते, तशी खाली उतरायलाही लागते. तुम्ही बसल्यावर मागचा भाग जेवढा दबतो, तेवढंच चाक खड्ड्यात उतरू शकतं. रस्त्यावरच्या गाडीला हा दाब मागच्या चाकाच्या एकूण हालचालीच्या साधारण एक तृतीयांश असावा, असा सर्रास वापरला जाणारा हिशेब आहे. चाकाची हालचाल १०० मिलिमीटर असेल, तर बसल्यावर गाडी तीसेक मिलिमीटर दबायला हवी.

हे मोजायला एक टेप आणि एक मित्र लागतो. गाडी मेन स्टँडवर घ्या, मागचं चाक अधांतरी. ॲक्सलच्या मध्यापासून सरळ वर सीटखालच्या एखाद्या नटापर्यंत अंतर मोजा. मग गाडी खाली घ्या, हेल्मेट-बॅगसकट बसा, मित्राला गाडी सरळ धरायला सांगा आणि तेच अंतर पुन्हा मोजायला सांगा. दोन आकड्यांतला फरक म्हणजे तुमचा दाब. माझ्या गाडीवर (मी ६२ किलो) पाचव्या खाचेला हा फरक १३ मिलिमीटर आला होता आणि पहिल्या खाचेला २९. कुठल्यातरी सर्व्हिसिंगच्या वेळी कोणीतरी पाचवर करून ठेवली होती आणि मी दोन वर्षं रस्त्याला शिव्या देत होतो. १३ मिलिमीटर म्हणजे चाक खड्ड्यात उतरण्याआधीच शॉकअप पूर्ण लांब होतो, खटकन आवाज येतो आणि गाडी चाकाला घेऊन खड्ड्यात पडते.

मागे ऐंशी किलोचा माणूस आणि पिशव्या असतील, तर खाच वाढवायचीच. ती सोय त्यासाठीच दिली आहे. पण "कडक म्हणजे दम" हे एकट्याला लागू होत नाही. आणि गाडी उडत असेल, म्हणजे डॅम्परच संपला असेल, तर खाच आवळून उसळी कमी होणार नाही.

राहिला डबा. पल्सरवर बजाजने 'नायट्रॉक्स' नावाने गॅसचे शॉकअप दिले तेव्हापासून त्या डब्याला मान आला, असं माझं निरीक्षण आहे. मान खोटा नाही. साध्या शॉकअपमध्ये ऑइलच्या वर हवा असते. सलग खडबडीत रस्त्यावर, म्हणजे मुंबई-गोवा महामार्गाचं काम चालू असलेल्या पट्ट्यात अर्धा तास गाडी हाणली, की ऑइल आणि हवा घुसळून फेस होतो. फेस छिद्रांतून सहज निसटतो आणि डॅम्पर ढिला पडतो. नायट्रोजन दाबाने भरला की ऑइलला फेसाळू देत नाही. एवढंच त्याचं काम.

लोकांना मात्र वाटतं की गाडी गॅसच्या फुग्यावर तरंगते. हिशेब करून बघा. आतला दांडा १२ मिलिमीटरचा आणि गॅसचा दाब १० बार धरला, तरी दांड्याला बाहेर ढकलणारा जोर जेमतेम अकरा-बारा किलो भरतो. वजन स्प्रिंगच पेलते. गॅसने खड्डा मऊ होत नाही. झालाच तर मागचा भाग किंचित ताठ होतो.

हे खऱ्या गॅसचं झालं. मीही एकदा भुललो होतो. १,९०० रुपयांना लाल डब्यांची जोडी घेतली, गाडी पाचसहा महिने देखणी दिसली. सातव्या महिन्यात डाव्या दांड्यातून ऑइल गळायला लागलं. लेथवाल्याकडे नेऊन डबा कापला. आत काही नव्हतं. डब्यातून शॉकअपच्या नळीकडे जाणारं भोकसुद्धा नव्हतं. नुसता शोभेचा डबा, दोन स्क्रूंनी बसवलेला. सगळ्याच स्वस्त जोड्या अशा असतात असं म्हणणार नाही, पण दोन हजारांत डबा, रंग आणि क्रोम आलं की डॅम्परसाठी किती उरलं, हे ज्याने त्याने ठरवावं.

इंचभर लांब शॉकअपचं थोडक्यात. मागचा भाग २५ मिलिमीटर किंवा थोडा जास्तच वर येतो. दोन चाकांमधलं अंतर सव्वा मीटरच्या आसपास, म्हणजे अख्खी गाडी पुढे एका अंशाहून थोडी जास्त झुकते. पुढचा फोर्क, म्हणजे पुढचं चाक धरणारे दोन दांडे, तेवढा उभा होतो, हँडल चटकन वळतं. शहरात मजा वाटते. ८० च्या वेगाला मात्र गाडी आधीपेक्षा चंचल होते. 'स्थिर'च्या नेमकं उलट. हेडलाइटचा झोत वीस मीटरवर चाळीसेक सेंटिमीटर खाली पडतो. साइड स्टँड आखूड पडून गाडी जास्त कलते. मेन स्टँडवर मागचं चाक जमिनीला टेकतं, मग पंक्चरवाला वीट शोधत फिरतो. वर दुसऱ्या गाडीच्या शॉकअपचा डोळा (बोल्ट जायचं भोक) बसत नाही म्हणून वॉशर ठोकून बसवणं आलंच. मोनोशॉकच्या, म्हणजे मागे एकच शॉकअप असलेल्या गाडीत तर शॉकअपचा एक मिलिमीटर चाकापाशी दोन-तीन मिलिमीटर होतो, तिथे हा खेळ अजिबात नको.

पाचशेत ऑइल भरून घेण्याच्या बाबतीत मी मध्ये आहे. हे शॉकअप कारखान्यात तोंड दाबून बंद केलेले असतात, उघडायचे म्हणून बनवलेलेच नसतात. तरी ते कापून, नवं सील घालून नीट करून देणारे कारागीर गावोगाव आहेत आणि काहींचा हात चांगला आहे. दोन गोष्टी आधी बघा. दांड्यावर गंजाचे खड्डे असतील तर नवं सील महिन्यात फाटणार, खर्च करूच नका. आणि कोणतं ऑइल घालणार ते विचारा. "इंजिन ऑइल चालतं" असं उत्तर आलं तर उठा. गाडीच्या इंजिनचं ऑइल फोर्क ऑइलपेक्षा बरंच दाट. थंडीत सकाळी शॉकअप जड हलतो. एकच बाजू गळत असली तरी काम दोन्ही बाजूंचं करा, नाहीतर एका बाजूला जोर आणि दुसरीला ढिलाई राहते.

टायरची हवा २० वर आणणं हा या मजकुरातला सगळ्यात वाईट सल्ला. एवढ्या हवेत टायरची भिंत सतत दुमडते, तापते. खड्ड्यात रिमला पोचा येतो. ट्यूब असेल तर ती टायरमध्ये सरकून व्हॉल्व्हपाशी फाटू शकते. हवा किती हवी ते गाडीवरच्या स्टिकरवर लिहिलेलं असतं, एकट्यासाठी वेगळी आणि डबलसीटसाठी वेगळी. पण उलटी चूक जास्त पाहिली आहे. पंपावर कोणीतरी "भरपूर भरा" म्हणतं आणि मागे ४० भरली जाते, मग शॉकअप बदनाम होतात. हवेचा स्वतःचा छोटा गेज ठेवा.

भाच्याला मी मागवू नको म्हटलं आणि रविवारी गाडी घेऊन बोलावलं. हवा ३८ होती, स्टिकरवर एकट्यासाठी २८. खाच चौथी, ती पहिलीवर आणली. मग गाडी मेन स्टँडवर घेऊन मागचं चाक दोन हातांनी आडवं हलवलं, तर चिमट्यातून, म्हणजे मागचं चाक धरणाऱ्या दांड्यांच्या सांध्यातून, टकटक आवाज आला; तिथले बुश झिजून गेले होते. बुश आणि मजुरी मिळून पाचशेच्या आत काम झालं. निम्मा खडखडाट तिथेच गेला. शेवटी सीट दोन हातांनी जोरात दाबून सोडली. चांगला शॉकअप एकदा वर येऊन तिथेच थांबतो. त्याचा तीनदा डुलला. सहा वर्षांनी डॅम्पर संपणारच, आणि जुने बदला इतकंच त्या मजकुरात असतं तर मी हे लिहिलंही नसतं.

तर जोडी घ्यायचीच होती. त्याच्या गाडीच्याच मॉडेलची, मूळ लांबीची साधी जोडी घेतली, शॉकअप बनवणाऱ्या कंपनीच्या स्वतःच्या खोक्यातली. गाडीच्या कंपन्या शॉकअप बहुतेक बाहेरूनच घेतात. वाळूजची एन्ड्युरन्स किंवा चाकण-नाशिकला कारखाने असलेली गॅब्रिएल यांच्यासारखे लोक ते बनवतात आणि सुट्या भागांच्या दुकानातही आपल्या नावाने विकतात. बुशांसकट सगळा खर्च त्या दोन हजारांच्या जवळपासच गेला. बसवल्यावर दाब मोजला, २८ मिलिमीटर.

परवा फोन आला. गाडी छान चालते म्हणाला, आणि मग जरा घुटमळत, "मामा, नुसते डबे वेगळे मिळतात का?"