बाटली काकूच्या डब्याच्या पिशवीत होती

गेल्या रविवारी गावी सगळ्यांनी मिळून टीव्हीवर एका क्राइम मालिकेचा भाग पाहिला. मालिकेचं नाव लिहीत नाही, कारण माझं म्हणणं तिच्यासारख्या सगळ्याच मालिकांबद्दल आहे. घरच्या कर्त्या माणसावर विषप्रयोग झालाय. तो आयसीयूत आहे आणि बाहेर बायको, मुलगा, भाऊ, सून रात्रभर बसलेत. अधिकारी येतो, एकेकाला बाजूला घेतो, दरडावतो आणि पहाटेपर्यंत प्रत्येकाच्या पोटातलं बाहेर काढतो. शेवटी सुनेच्या पर्समध्ये बाटली सापडते. संगीत चढतं, सगळे तिच्याकडे बघतात.

बाटली निघाली तेव्हा आमच्या घरात मात्र कुणी कुणाकडे बघितलं नाही. काकू उठून आत गेली. काका टीव्हीकडंच बघत राहिले.

पुढचं सगळं काका-काकूंना वाचून दाखवलंय, त्यांच्या होकारानेच टाकतेय. गावाचं आणि दवाखान्याचं नाव मुद्दाम टाळलंय.

2015 साल. मराठवाड्यात पावसानं सलग दुसऱ्या वर्षी पाठ फिरवली होती. सोयाबीन फुलात असतानाच करपलं. मी लातूरला शिकत होते. पोळ्याच्या आठवड्यात दुपारी चुलत भावाचा फोन आला, "काकानं औषध घेतलं." आमच्याकडं फवारायचं विष म्हणजेही औषध आणि दवाखान्यात देतात तेही औषधच. तरी यातलं कोणतं, हे कुणी विचारत नाही. सांगणाऱ्याच्या आवाजावरून कळतं.

मी मोठ्या दवाखान्यात पोचले तेव्हा जीप नुकतीच आली होती. तालुक्याच्या दवाखान्यातून "पुढं न्या" म्हणून सांगितलेलं. काकांच्या तोंडातून सारखी लाळ गळत होती, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झाल्या होत्या. डॉक्टरांनी विचारलं, "काय झालं?" थोरल्या चुलत्यांनी सांगितलं, "फवारताना वास गेला, साहेब."

हे जीपमध्येच ठरलं होतं. कुणी ठरवलं ते आजही नीट सांगता येत नाही. मला वाटतं, कुणीतरी एकानं म्हटलं आणि बाकीचे गप्प राहिले, एवढ्यातच ते ठरलं. फवारणीत वास जाऊन माणसं अत्यवस्थ होतात हे खरंच आहे. म्हणून तर ते खपण्यासारखं होतं. पण डॉक्टरांसाठी या दोन गोष्टींत फार फरक आहे. विष पोटात गेलं असेल तर वेळेत पोट धुवायचं असतं. आणि कीटकनाशक, तणनाशक, उंदराचं औषध, प्रत्येकाचा इलाज वेगळा. डॉक्टर परत परत विचारत होते, "पिले का? बाटली कुठंय? नाव काय औषधाचं?" थोरले चुलते एकच सांगत होते.

काकू भिंतीला टेकून खाली बसली होती. मांडीवर डब्याची पिशवी, तिचे बंद दोन्ही मुठींत गच्च धरलेले. मी म्हटलं, काकू, पिशवी खाली ठेव. ती ठेवेना.

पाऊण तास असाच गेला. मग वॉर्डातल्या एक सिस्टर बाहेर आल्या. वयानं मोठ्या, चपला फटफट वाजवत चालणाऱ्या. त्या काकूच्या शेजारी सरळ फरशीवर बसल्या. काय झालं, का झालं, घरात भांडण होतं का, यातलं त्यांनी काहीच विचारलं नाही. हळू आवाजात म्हणाल्या, "बाई, नाव नका सांगू. बाटलीवर त्रिकोण असतो बघा, त्याचा रंग तेवढा सांगा. लाल होता का पिवळा?"

शेतकऱ्याच्या घरात तो त्रिकोण सगळ्यांना माहीत असतो. लाल म्हणजे सगळ्यात जहाल, त्याखाली पिवळा, मग निळा, मग हिरवा. काकूनं तोंडानं काहीच सांगितलं नाही. पिशवीत हात घातला, भाकरीच्या फडक्याखालून बाटली काढली आणि सिस्टरांच्या हातात दिली. त्रिकोण लाल होता. सिस्टरांनी ती कागदात गुंडाळली आणि उठताना म्हणाल्या, "आणली ते लई चांगलं केलं बाई तुम्ही." पाचव्या मिनिटाला आत धावपळ सुरू झाली. उताऱ्याचं नाव बाटलीवरच छापलेलं असतं.

रात्री मी काकूला विचारलं, अगं, बाटली आणलीच होती तर दिली का नाहीस? ती म्हणाली, "घरी ठिवली तर लेकरांच्या हाती लागंल म्हणून आणली. आन् हितं आल्यावर ध्यानात आलं, बाटली माझ्यापाशी सापडली तर मलाच धरतील की. टीव्हीत बघत न्हाईत का, ठसे घेतेत."

मला सांगायचंय ते इथंच आहे. माझ्या काकूला ती बाटली लपवायला या मालिकांनी शिकवलं. जिच्याजवळ बाटली तिनंच पाजलं. पोलीस आले की आधी घरच्यांनाच घेऊन जातात. पोलीस केस झाली की डॉक्टर हात लावत नाहीत. हे सगळं ती वर्षानुवर्षं रात्रीचं जेवण झाल्यावर बघत आली होती. खरी गोष्ट उलटी आहे. आधी उपचार, मग कागद, असं सुप्रीम कोर्टानं 1989 सालीच परमानंद कटारा खटल्यात सांगितलंय. दवाखाना सरकारी असो की खाजगी, पोलिसांची वाट बघत पेशंटला ताटकळत ठेवता येत नाही. विषबाधेची पोलिसांना खबर जाते, एमएलसी म्हणजे दवाखान्यातली पोलीस केसची नोंद होते, जबाब होतात. पण हे सगळं उपचार चालू असतानाही होऊ शकतं. आमच्याकडे हवालदार आले, बाटलीची नोंद केली, काकूचा जबाब घेतला आणि गेले. तिला कुणी धरलं नाही.

आमच्या माणसांची भीती मात्र अगदीच फोल नव्हती, हेही सांगायला हवं. तेव्हा आत्महत्येचा प्रयत्न हा भारतीय दंड संहितेच्या कलम 309 खाली गुन्हा होता. जगला तर केस, मेला तर अंत्यविधी, या कात्रीत घरचे काय बोलणार? पुढं 2017 चा मानसिक आरोग्य कायदा 2018 पासून लागू झाला. असा माणूस तीव्र ताणाखाली होता असं आधी मानायचं, त्याला शिक्षा करायची नाही, त्याची काळजी घ्यायची, असं त्यात आलं. 1 जुलै 2024 पासून दंड संहितेच्या जागी आलेल्या न्याय संहितेत तर ते जुनं कलम तसं ठेवलेलंच नाही. ही एवढी मोठी गोष्ट झाली, पण ती मी एकाही मालिकेत ऐकली नाही. मनावर ताण असलेल्यांसाठी सरकारनं चालवलेल्या टेली-मानसचा 14416 हा फोन फुकट आहे, मराठीतून बोलता येतं, तोही एखाद्या भागाच्या शेवटी पट्टीवर यायला काय हरकत आहे? आजही आमच्या भागात "वास गेला" असंच सांगतात. गेल्याच वर्षी शेजारच्या गावात सांगितलं.

दुसरी गोष्ट त्याच रात्रीची. ॲट्रोपिनची, म्हणजे त्या विषावरच्या उताऱ्याची, इंजेक्शनं सुरू झाली की लाळ थांबते, बाहुल्या मोठ्या होतात, आणि माणूस बरळायलाही लागतो. काका उठून पळायला बघत होते म्हणून हात बँडेजनं कॉटला बांधले होते. धरायला दोन माणसं लागायची, म्हणून सिस्टरांनी आम्हाला आळीपाळीनं आत येऊ दिलं. आणि काका बोलायला लागले. आकडे. शेकडा पाच रुपये महिना. कुणाकडून घेतले, किती, कधीपासून. दोन एकराचं खरेदीखत. काकूच्या पाटल्या. घरात कुणाला यातलं काही ठाऊक नव्हतं, पाटल्या तर काकू लोखंडी पेटीत आहेत असंच समजत होती. आमच्याकडं जमीन सावकाराकडं ठेवतात तेव्हा तोंडानं सगळे गहाण म्हणतात, कागद मात्र पक्क्या खरेदीचा होतो. काकांनी तेच केलं होतं.

सकाळी तो सावकार भेटायला आला. डझनभर केळी घेऊन. आमच्यात सतरंजीवर बसला, चहा प्याला, थोरल्या चुलत्यांना विचारलं, "शुद्धीवर आलेत का? काही बोलले का?" चुलते म्हणाले, "न्हाई, काईच न्हाई." त्या एका वेळी घरच्यांनी लपवलं ते बरं केलं असं मला आजही वाटतं. ती केळी कुणी खाल्ली नाहीत. संध्याकाळी वॉर्डातल्या मावशींनी उचलून नेली.

त्या मालिकेच्या लेखकांनी आमच्याकडं यावं, कुठल्याही मोठ्या सरकारी दवाखान्याच्या आवारात लिंबाखाली दोन रात्री बसावं. संभाजीनगरच्या घाटीत, अंबाजोगाईत, नांदेडला विष्णुपुरीत, कुठंही. त्यांच्या भागात नातेवाईक काचेच्या दालनात कॉफीचे कप घेऊन उभे असतात, एकेकाच्या चेहऱ्यावर कट. आमच्याकडं चटया असतात, उशाला चपला, एका मोबाईलच्या चार्जरला चार माणसं, आणि "अमक्याचे नातेवाईक!" अशी हाक आली की सगळ्या आवाराची मान वर होते. तिथं जो तो काहीतरी दडवून बसलेला असतो, पण बहुतेकांनी गुन्हा केलेला नसतो. ते घाबरलेले असतात. कायद्याला, चार लोकांना, पोरीच्या लग्नाला, आणि बिलाला. रविवारी पाहिलेल्या त्या भागात एक गोष्ट मात्र फार खरी होती, मालिकेला तिचं श्रेय देते. तो मुलगा बापाच्या शर्टाची घडी घालतो, मोडतो, परत घालतो. असं माणूस करतं. मी पाहिलंय. पण पुढच्याच प्रसंगात त्या शर्टाच्या खिशातून पुरावा निघतो आणि शर्टही कामाला लावला जातो.

आणि तो अधिकारी. दरडावून, कोंडीत पकडून, खोटं आमिष दाखवून खरं काढतो. मला त्या सिस्टर आठवतात. कोंडीत पकडलेलं माणूस आधी स्वतःला वाचवतं. सिस्टरांनी काकूच्या भीतीला हात न लावता हवी तेवढी गोष्ट मागितली, आणि काकूनं सगळीच दिली. मी आता शाळेत शिकवते. एखादं पोर काही दडवून बसलं की मी तसंच विचारायला बघते. नेहमी जमत नाही.

काका सतराव्या दिवशी घरी आले. पुढं 2014 च्या सावकारी कायद्याखाली अर्ज केला. त्या कायद्यात सावकारीतून बळकावलेली जमीन परत करण्याचा आदेश जिल्हा निबंधक देऊ शकतो. चौकशा झाल्या, तारखा झाल्या, कागद नसलेल्या व्यवहाराला साक्षीदार मिळता मिळेनात. तीन वर्षांनी सातबाऱ्यावर काकांचं नाव परत आलं. पाटल्या आल्या नाहीत.

पण घरात त्या रात्रीबद्दल कुणी बोललं नाही. दहा वर्षं. जमिनीबद्दल बोललो, वकिलाबद्दल बोललो, त्या रात्रीबद्दल नाही.

रविवारी मालिका संपली, लाईट गेली, सगळे अंगणात आले. काका बाजेवर बसले होते. बऱ्याच वेळानं मला म्हणाले, "मी काय काय बोललो गं तवा?"

मला आधी कळलंच नाही. मग लक्षात आलं, त्यांना त्यातलं काही आठवतच नाही. आम्हा सगळ्यांना माहीत होतं आणि ज्यानं बोललं त्यालाच नाही. काय बोललो असू, या विचारात त्यांनी इतकी वर्षं काढली होती.

मी सांगितलं. आकडे, खरेदीखत, पाटल्या. ते ऐकत होते, मान हलवत होते. मग सर्ज्याचंही सांगितलं. पोळ्याच्या आधी विकलेला बैल. "सर्ज्याला पाणी दाखवलं का?" असं ते बांधलेल्या हातांनी कॉटवर विचारत होते.

"सर्ज्याचं बी बोललो का?"

दारातून काकूचा आवाज आला. ती कधी येऊन उभी राहिली होती कळलं नाही.

"सगळ्यात जास्ती त्याचंच बोलत होतात."