शेवटची गाडी कोणी लावली?

"पासवर्ड चुकीचा आहे. पुन्हा प्रयत्न करा." हे वाक्य मी मंगळवारी सकाळी अकरा वेळा वाचलं. पहिल्या दहा वेळा एकट्यानं. अकराव्या वेळी मागून आवाज आला, "चुकतंय व्हय काय तरी?"

बापू! साताऱ्यात, आमच्या यादोगोपाळ पेठेतल्या वाड्यात खालच्या दोन खोल्यांत राहतात. एसटीतून वाहतूक नियंत्रक म्हणून निवृत्त होऊन बारा वर्षं झाली, पण नियंत्रण काही सुटलेलं नाही. वाड्यात पाण्याचा टँकर येवो नाहीतर कोणाचा जावई, गाडी मागं कशी घ्यायची हे बापूच दारात उभं राहून सांगणार. त्या दिवशी ते हातात वहीचा कागद घेऊन आले होते. ज्येष्ठ नागरिकांची गोंदवल्याची सहल, बेचाळीस नावं. "जरा छापून दे. दोन मिन्टाचं काम हाय."

आमचा संगणक कागदोपत्री चौघांचा आहे. मी, बायको, बाबा आणि कऱ्हाडला हॉस्टेलवर असलेले चिरंजीव. प्रत्यक्षात तो वाड्याचा आहे, जसा पूर्वी वाड्याचा आड असायचा. चार खाती, पण पासवर्ड एकच: गावाचं नाव, इंग्रजीत, पहिलं अक्षर कॅपिटल. तो स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर, गॅस सिलिंडर लावल्याच्या तारखेशेजारी, लाल पेनानं लिहिलेला होता. म्हणजे गुप्ततेची पातळी काय होती ते लक्षात यावं.

रात्री अपडेट आलं होतं. संगणक आपणहून बंद होऊन आपणहून चालू झाला होता आणि सकाळी पडदा ओळखू येत नव्हता. फोटोवर हवामानाचा चौकोन, त्याच्याशेजारी शेअर बाजाराचा चौकोन, शिवाय रस्त्यावरच्या वाहतुकीचा चौकोन. हे सगळं कुलूपबंद दाराच्या बाहेर. म्हणजे मला आत घेणार नाही, पण उंबऱ्यावर उभं करून सेन्सेक्स सांगणार. मधोमध बायकोचं नाव, कारण शेवटी ती बसली होती. बाकीचे तिघं डाव्या कोपऱ्यात, बारीक.

बाबांचा या कोपऱ्यावर जुना राग आहे. "घर माझ्या नावावर, लाइट बिल माझ्या नावावर, आणि मी कोपऱ्यात?" संगणकात जुना विंडोज एक्सपी होता तेव्हा असं नव्हतं म्हणतात. तेव्हा सगळे एकाखाली एक, मानानं. प्रत्येकाला एक चित्र. बाबांना बुद्धिबळाच्या सोंगट्या, आईला पिवळं बदक. आई गेली, संगणक दोनदा बदलला, पण बाबा अजून अधूनमधून विचारतात, ते बदक कुठं गेलं.

एक्सपीचंच निघालं म्हणून सांगतो. त्यातला तो हिरव्या टेकडीचा आणि निळ्या आभाळाचा फोटो आठवतोय ना? बाबांनी तो पहिल्यांदा पाहिला आणि "पाचगणीचं टेबललँड!" असं जाहीर केलं. पुढं मी त्यांना सांगितलं की तो फोटो चार्ल्स ओरिअर नावाच्या माणसानं १९९६ साली कॅलिफोर्नियात, सोनोमा परगण्यात काढलाय. बाबांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "टेकडी असेल त्यांची. ढग आपलेच आहेत."

आता तर पडद्यावर रोज नवा फोटो येतो आणि बाबा रोज तो सातारा जिल्ह्यात बसवतात. धबधबा आला की ठोसेघर. फुलं आली की कास. कसलाही किल्ला आला की अजिंक्यतारा, "पण मागच्या अंगानं". मंगळवारी तळं होतं, पलीकडं डोंगर.

"बामणोली," बाबा खुर्चीतून म्हणाले.

बापू पुढं वाकले. "बामनोली न्हाई आण्णा. तापोळा हाय ह्यो."

"बापूराव, मी बामणोली ओळखत नाही होय?"

"आवो, बामनोलीच्या गाड्या मी सोडल्यात! मुक्कामी गाडी कवा जायाची, कवा यायाची, तोंडपाठ. बामनोलीला असं पानीच न्हाई."

"पावसाळ्यानंतरचं पाणी आहे हे."

"मग धुकं कुठाय?"

दहा मिनिटं हे चाललं. फोटोच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात न्यूझीलंड असं लिहिलं होतं. मी ते सांगितलं नाही. मला आत जायचं होतं, साडेनऊला माझी ऑनलाइन मीटिंग होती, आणि ही दोन माणसं शिवसागर जलाशयाच्या कोणत्या काठावर उभं राहायचं यावर भांडत होती.

शेवटी बापू माझ्याकडं वळले. कोनाड्यातलं बॉलपेन घेतलं, सहलीची यादी उलटी केली आणि कोऱ्या बाजूला वर लिहिलं: "घटना." खाली लिहिलं: "वेळ ८.२५."

"शेवटची गाडी कुनी लावली?"

"अं?"

"ह्याच्यावर शेवटी कोन बसलं व्हतं?"

बायको पोळ्यांच्या गडबडीतून बाहेर आली. "मी. रात्री साडेदहाला. शाळेचे मार्क भरले आणि बंद केला."

"बंद म्हंजी कसा? इंजिन बंद केलं का नुस्ते दिवे?"

"स्क्रीनचं बटण."

बापूंनी लिहून घेतलं: "इंजिन चालू." मग चष्म्यावरून बघत विचारलं, "मंग रात्री गाडी कुनी हलवली?"

"कोणी नाही, बापू. अपडेट आलं की ते स्वतःच बंद होऊन चालू होतं."

"ड्रायव्हर नसताना?"

"हो."

"डेपोत उभी केलेली गाडी रात्री आपली आपन हलली, आन् सकाळी भलत्याच फलाटाला लागली?"

"तसंच म्हणा."

बापूंनी पेन खाली ठेवलं. "आमच्याकडं हे झालं असतं, तर तिघं घरी बसलं असतं. वॉचमन धरून."

सांगायला लाज वाटते, पण मला बरं वाटलं. कोणीतरी माझ्या बाजूनं बोलत होतं. कारण मला खरोखरच राग आला होता. वस्तू माझी, पैसे माझे, वीज माझी. रात्री मी झोपलेलो असताना हॉलमधलं सामान हलवायची मुभा कोणी दिली यांना? पोवई नाक्यावर ग्रेड सेपरेटर झाला तेव्हाही बाबा स्कूटर घेऊन भुयारात शिरले आणि भलत्याच रस्त्याला वर आले होते. पण तिथं निदान वर्षानुवर्षं खोदकाम चालू होतं. धूळ खाल्ली होती आम्ही. २०२१ साली तो खुला झाला तेव्हा रस्ता बदललाय एवढं तरी माहीत होतं. इथं एका रात्रीत भुयार, आणि वर पाटी: काही बदल करत आहोत, संगणक बंद करू नका.

राजवाड्याजवळच्या ज्या दुकानातून संगणक घेतला, तिथं फोन लावला. तिथला मुलगा जांभई देत म्हणाला, "पिन टाकून बघा."

"पिन विचारतोय," मी मोबाइलवर हात ठेवून घरात म्हणालो.

"चार एक पाच, शून्य शून्य दोन," बाबा आणि बापू एकदम म्हणाले. तळ्यावरून भांडणारी माणसं पिनकोडावर एक झाली.

पलीकडं थोडा वेळ शांतता. मग तो म्हणाला, "सर, फॉरमॅट मारायला लागेल. सहाशे रुपये. डेटा राहील याची गॅरंटी नाही." हे लोक फॉरमॅट मारणं असं म्हणतात की जणू माशी मारायची आहे. चौदा वर्षांचे फोटो, आईचा शेवटचा गणपती, बायकोचे मार्क, सगळं त्या एका 'मारण्या'त जाणार. चिरंजीवांना फोन केला, तर उचलला नाही. मेसेज केला, दोन टिका आल्या, त्या काही निळ्या होईनात. इंजिनिअर होतोय आमचा.

"आता माझ्यासमोर टाक," बापू म्हणाले. "सावकाश. कुठं काय दाबतोस ते बघू दे."

मी टाकला. सहा ठिपके उमटले.

"हे काय?"

"पासवर्ड."

"हे ठिपकं हायेत."

"दिसू नये म्हणून ठिपके दाखवतो तो."

"कुनाला दिसू नये?"

याचं उत्तर माझ्याकडं नव्हतं. खोलीत तीन माणसं. तिघांनाही पासवर्ड पाठ. चौथी स्वयंपाकघरात, कॅलेंडरजवळ.

"आरं, बोर्ड वाचल्याबिगर पाशिंजर गाडीत बसत न्हाई," बापूंचा आवाज चढला. "तू काय लिहितोयस ते तुलाच दिसत न्हाई, आन् तो म्हनतोय चुकलं. काय चुकलं ते दाखव म्हनावं की!"

आणि त्यांनी माउस हिसकावून घेतला. रकान्याच्या टोकाला एक बारीक डोळ्याचं चिन्ह असतं. मी ते हजारदा पाहिलंय. ते दाबून धरायचं असतं एवढं मला माहीत होतं, पण माझा पासवर्ड मला माहीत असताना मी तो कशाला बघू? बापूंनी डोळ्यावर बाण नेला आणि जीपचा ब्रेक दाबावा तसा दाबून धरला.

ठिपके गेले. त्यांच्या जागी आलं एक मराठी 'ए'. आणि ए च्या पुढं नुसत्या मात्रा. काना-मात्रा, दुसरा उकार, पुन्हा काना-मात्रा, दुसरी वेलांटी, पुन्हा काना-मात्रा. खाली अक्षर नाहीच. ठिपक्याठिपक्यांच्या रिकाम्या गोलांना लोंबकळणारी चिन्हं, वळचणीला लटकणाऱ्या वटवाघळांसारखी.

बापू वाचायला लागले. "ए…" थांबले. "ए… ओ… ऊ… ओ…" मग माझ्याकडं बघून म्हणाले, "कुनाला हाक मारतंय हे? ए म्हनतंय, आन् पुढं शब्दच फुटंना."

बाबा हसायला लागले. बायको लाटणं घेऊन आली आणि तीही हसायला लागली.

"जुन्या गाडीच्या बोर्डावरची अक्षरं पावसानं उडाली की असंच दिसायचं," बापू म्हणाले. "वरची वेलांटी ऱ्हायाची. पाशिंजर इचारायचं, ही कुठली? आमी म्हनायचो, वेलांटी बघ की, फलटनची आसंल का?"

आणि तेव्हा माझ्या पोटात खड्डा पडला.

जानेवारीत साताऱ्यात ९९वं साहित्य संमेलन झालं. मी चारही दिवस जाऊन आलो. नऊ पुस्तकं, दोन पिशव्या आणि भरपूर अस्मिता घेऊन घरी आलो. ऑक्टोबर २०२४मध्ये मराठीला अभिजात दर्जा मिळाला आणि आपण अजून इंग्रजी अक्षरांत मराठी लिहितो, याची मला एका भाषणानंतर फार लाज वाटली. त्याच रात्री मी संगणकावर मराठी कीबोर्ड बसवला. इनस्क्रिप्टच, म्हणजे सरकारमान्य, अस्सल. तो पहिल्या नंबरला लावला. आणि सेटिंगच्या आत कुठंतरी 'हीच व्यवस्था स्वागताच्या पडद्यालाही लागू करा' अशा अर्थाचा एक चौकोन होता, त्यावर बरोबरची खूण केली. दारातच मराठी असावी म्हणून! ते लागू व्हायला संगणक बंद होऊन पुन्हा चालू व्हावा लागतो. आमच्याकडं तो कधी होत नाही, आम्ही फक्त दिवे मालवतो. रात्रीच्या अपडेटनं तो केला, इतकंच.

इनस्क्रिप्टमध्ये डाव्या हाताला स्वर आणि मात्रा, उजव्या हाताला व्यंजनं. सातारा हे नाव इंग्रजीत टाइप करून बघा. सगळी अक्षरं डाव्या हाताची आहेत. त्यामुळं मराठी कीबोर्डवर साताऱ्यातून एकही व्यंजन निघत नाही. अभिजात दर्जा मिळाला, पण लॉगिन मिळेना.

मी काही न बोलता विंडोजची कळ आणि स्पेस एकदम दाबली, भाषा बदलली, पासवर्ड टाकला. पडदा उघडला.

"काय केलंस?" बापू.

"काही नाही. भाषा बदलली होती."

"कुनी?"

मी प्रिंटरकडं बघत राहिलो. बापूंनी पेन उचललं. मला वाटलं होतं निदान अपडेटवर अर्धा गुन्हा तरी टाकतील. रात्री गाडी हलवली ती त्यानंच. पण बापूंनी शेवटची ओळ लिहिली: "सदर घटनेस चालक स्वतः जबाबदार." आणि बाबांची सही घेतली. बाबांनी चष्मा शोधून केली.

यादी छापून झाली तेव्हा नऊ चाळीस झाले होते. मीटिंग सुरू झाली होती, मी घामेजल्या चेहऱ्यानं तिच्यात शिरलो. बापू जिन्यातून उतरता उतरता खालच्या काकूंना सगळं सांगत होते. मोठ्यानं. पासवर्डसकट. तो मग संध्याकाळी बदलावाच लागला, आणि नवा कॅलेंडरवर लिहायचा नाही यावर घरात जे बोलणं झालं ते इथं सांगत नाही.

आणि खरं सांगू? मला अजूनही पटलेलं नाही. चूक माझी, मान्य. पण त्या पडद्यानं एकदा, अकरांतून फक्त एकदा, "अहो, मराठीत टाइप करताय" असं म्हणायला काय हरकत होती? कोपऱ्यात भाषेचं चिन्ह असतं म्हणे. असतं, मुंगीएवढं. शेअर बाजाराला मात्र तळहाताएवढी जागा. बुधवारी दूधवाल्यानं पातेल्यात दूध ओतता ओतता विचारलं, "सायेब, अक्षरं घावली का?"

चिरंजीवांचं उत्तर रात्री पावणेबाराला आलं. "रिस्टार्ट केलं का?"

आज सकाळी पडद्यावर वाळवंट होतं. लांबच लांब वाळू, एक झाड नाही. बाबा बराच वेळ बघत राहिले. मला वाटलं, आज हरले.

"माण," ते म्हणाले. "म्हसवडच्या बाजूचं. बापूरावांना हाक मार, त्यांच्या गावाकडचं आहे."