खुलासा: गिटारची बॉडी लहान केली म्हणून ब्रिज पुढे सरकवू नका

‘इलेक्ट्रिक गिटारची बॉडी लहान केली की ब्रिजही त्याच प्रमाणात नेककडे घ्यावा’ असा मेसेज फिरतोय. तो चुकीचा आहे.

ब्रिजची (बॉडीवर तारा टेकतात त्या भागाची) जागा बॉडी नाही, फ्रेट (नेकवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या) ठरवतात. ६४८ मिमी स्केलच्या (स्केल म्हणजे तारेची ठरलेली लांबी) नेकवर नटपासून (नेकच्या वरच्या टोकाला तारा टेकतात ती पट्टी) १२वा फ्रेट ३२४ मिमीवर असतो. तिथून सॅडलही (ब्रिजवर तार टेकते तो तुकडा) तेवढंच, वर दोन-तीन मिमी जास्त (जाड तारांना आणखी थोडं). ब्रिज २० मिमी पुढे घेतला तर १२व्या फ्रेटचा सूर जवळजवळ अर्ध्या सेमिटोनने (सेमिटोन म्हणजे लगतच्या दोन फ्रेटमधला सुराचा फरक) चढतो. सॅडलच्या स्क्रूने एवढा फरक भरून निघत नाही. खात्री करायची तर त्याच फ्रेटवरचा हार्मोनिक (तार न दाबता नुसती स्पर्शून काढलेला सूर) आणि दाबलेला सूर ट्यूनरवर ताडून बघा.

लहान बॉडीची खरी अडचण वेगळीच: नेक खाली झुकते. त्या टोकाचं वजन कमी करायला तारा पिळायच्या खुंट्या हलक्या लावा.

जुना मेसेज कृपया पुढे पाठवू नका.